लाकडाच्या फर्नेससाठी चिमणीचं लायनर: साइज, इन्सुलेशन की स्टीलचा ग्रेड?

रानवारा (धागाकर्ता)

विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातलं १९५० च्या दशकातलं दुमजली घर आहे. बाहेरच्या भिंतीला लागून विटांची चिमणी, आत मातीच्या टाइल. सध्या बेसमेंटमधली ऑइल फर्नेस या चिमणीला जोडलेली आहे. आता लाकडाची फर्नेस घ्यायची आहे, ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) २०२० च्या नियमात बसणारी. तिची कॉलर, म्हणजे धूर बाहेर पडायचं तोंड, ६ इंची आहे. भिंतीतल्या थिंबलपासून (पाइप चिमणीत शिरतो ते भोक) चिमणीच्या क्राउनपर्यंत (वरचा सिमेंटचा माथा) २३ फूट भरतात.

नेटवर जिथे बघावं तिथे लायनरचं, म्हणजे चिमणीत आतून सोडायच्या पाइपाचं, स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचं की ३१६ चं यावरच हाणामारी चालू आहे. दोन्हींच्या किमतीत बराच फरक आहे. टाइल खालून टॉर्च मारून पाहिल्या, धड दिसतात. मग लायनर हवंच का? आणि हवं असेल तर कुठलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काजळी

ग्रेडचं नंतर बघू, तो सगळ्यात शेवटचा मुद्दा आहे. आधी फर्नेसचं मॅन्युअल, मग चिमणीचं आतलं माप, मग इन्सुलेशन, मग लायनरचा आकार, आणि मग स्टील. बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरू करतात. २५ फुटी गुंडाळी दारात येऊन पडते आणि मग कळतं की ती चिमणीत जातच नाही.

टाइल धड असल्या तरी पोकळी किती मोठी आहे ते बघा. एनएफपीए २११ (अमेरिकेतलं चिमण्यांचं अग्निसुरक्षा मानक) नुसार धुराच्या वाटेचं क्षेत्रफळ फर्नेसच्या कॉलरपेक्षा कमी नको. कमाल मर्यादा चिमणी कुठे आहे त्यावर ठरते: घराच्या पोटातली असेल तर कॉलरच्या तिप्पट, एक जरी बाजू बाहेर उघडी असेल तर दुप्पट. तुमची बाहेरची, म्हणजे दुप्पट. ६ इंची गोल कॉलर म्हणजे २८.३ चौरस इंच, दुप्पट केले की ५६.६. आता टाइलचं आतलं माप टाका. '८ बाय १२' हे नाव झालं, माप नव्हे. टेप लावून मोजा, आणि वरून खालून दोन्हीकडून मोजा.

दुसरं म्हणजे टॉर्च मारून टाइल कळत नाहीत. भेगा सांध्यांपाशी असतात आणि खालून त्या दिसत नाहीत. उपकरण किंवा इंधन बदलताना लेव्हल टू तपासणी लागते, त्यात पूर्ण उंचीभर कॅमेरा फिरवतात. सीएसआयएचा (अमेरिकेतली चिमणी-सुरक्षा संस्था) सर्टिफाइड माणूस बोलवा.

रानवारा

मोजलं. आत ६ पूर्णांक ३/४ बाय ११ पूर्णांक १/४ इंच आहे, वरखाली सारखंच. सांध्यांत सिमेंटच्या मसाल्याचे गोळे थोडे बाहेर आलेले आहेत. म्हणजे ७६ चौरस इंच, तुमच्या ५६.६ च्या बरंच वर, तेव्हा लायनर लागणारच. ऑइल फर्नेस बॅकअप म्हणून त्याच चिमणीत ठेवली तर चालेल ना?

ठिणगी

नाही चालणार. लाकूड आणि ऑइल एका वाटेत घालू नका. लाकडाच्या फर्नेसला स्वतःची स्वतंत्र वाट लागते, अपवाद फक्त त्या कामासाठी मुद्दाम लिस्टेड (चाचणी होऊन प्रमाणित) असलेल्या जोडउपकरणाचा. लाकूड विझत आलं की चिमणी गार पडते आणि त्या वेळी ऑइलचा बर्नर सुरू झाला की उलटा धूर घरात. शिवाय क्रिओसोटने (धुरातल्या डांबराने) वाट अर्धी बुजलेली असेल तर त्याची झळ दोन्ही उपकरणांना बसते.

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. एक, ऑइल फर्नेस काढून तिच्या जागी प्रोपेनची ९०-९५ टक्केवाली कंडेन्सिंग फर्नेस. तिचा पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर जातो, चिमणी मोकळी होते. दोन, ऑइल फर्नेसला साइडवॉल व्हेंट, तिच्या मेकरने परवानगी दिली असेल तरच. तीन, जुनी चिमणी ऑइललाच राहू द्या आणि लाकडासाठी नवी क्लास ए चिमणी उभी करा. क्लास ए म्हणजे यूएल १०३एचटी मानकाची फॅक्टरी चिमणी, दुहेरी स्टीलच्या मध्ये इन्सुलेशन, लाकडापासून दोन इंच अंतर. टाइल फोडण्याची भानगड नाही, लायनर चेपण्याची नाही. घराच्या आतून वर नेता आली तर ती विटांच्या बाहेरच्या चिमणीपेक्षा गरमही राहते. पण दोन मजल्यांतून आणि छतातून भोकं, फायरस्टॉप, कपाटाची जागा जाणार, हे धरून चाला.

रानवारा

प्रोपेनचं आधीपासून डोक्यात होतंच, ऑइलची टाकी जुनी झाली आहे. म्हणजे चिमणी मोकळी होईल. तर आता लायनरचंच बोलू.

काजळी

मग मोठी अडचण ६ पूर्णांक ३/४ ची आहे. ६ इंची लवचीक लायनरचा बाहेरचा व्यास सव्वासहाच्या आसपास. त्यावर चहूबाजूंनी अर्धा इंच ब्लँकेट आलं की सव्वासात. गोल लायनर या टाइलमध्ये इन्सुलेशनसकट जात नाही. इथे येऊन लोक 'इन्सुलेशन काढून टाकू' म्हणतात. तेवढं सोडून बाकी काहीही करा.

इन्सुलेशन दोन कारणांनी लागतं. यूएल १७७७ चं (लायनरच्या चाचणी-मानकाचं) लिस्टिंग लाकडासाठी सहसा इन्सुलेशनसकटच असतं, आणि अर्ध्या इंचाच्या आवरणावर ते विटांना लाकडी फ्रेम टेकलेली असली तरी चालतं. एरवी बाहेरच्या चिमणीला विटा आणि लाकूड यांच्यात एक इंच अंतर हवं, घराच्या आतल्या चिमणीला दोन इंच. १९५० च्या घरात ते अंतर सापडलं तर नशीब समजा. दुसरं कारण क्रिओसोट. धुराचं तापमान साधारण २५० फॅरनहाइटच्या खाली गेलं की त्यातलं डांबर भिंतीवर बसू लागतं. नव्या फर्नेसचा धूर मुळातच गार बाहेर पडतो, कारण उष्णता घरात काढून घेतलेली असते. त्याला विस्कॉन्सिनच्या जानेवारीत २३ फूट उघड्या विटांतून वर न्यायचं म्हणजे वरच्या टोकाला डांबर ठरलेलं.

तर उपाय. पहिला, ओव्हल लायनर. ६ इंची लायनर कारखान्यातूनच चेपून मिळतं. चेपल्यावर परीघ तोच राहतो, क्षेत्रफळ थोडं घटतं. ४.७५ इंच जाडीपर्यंत चेपलं तर रुंदी ६.७ इंच होते आणि क्षेत्रफळ २८.३ वरून २७ वर येतं. हे चार-पाच टक्के चालतात का, ते फर्नेसच्या मेकरकडून लेखी घ्या. नाहीतर मोठ्या व्यासाचं लायनर चेपून पूर्ण २८ मिळणारं मागवा. इन्सुलेशनसकट ते साधारण ६ बाय ८ होतं, म्हणजे तुमच्या टाइलमध्ये बसतं. खाली ओव्हलचं गोल करणारा टी (इंग्रजी टी आकाराचा जोड) आणि वर ओव्हल टॉप प्लेट सोबतच मागवा, नंतर शोधायला गेलात तर जुळत नाहीत.

दुसरा, टाइल फोडून काढणे. आतली पोकळी साडेआठ बाय तेरापर्यंत मोकळी होते आणि गोल ६ इंची सहज जातं.

तिसरा, साडेपाच इंची लायनर. कॉलरपेक्षा लहान वाट फर्नेसच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिली असेल तरच. स्टोव्हच्या बाबतीत असं कधीकधी लिहिलेलं असतं, फर्नेसमध्ये क्वचित.

उत्तरायण

ऑन्टारियोतून. काजळी यांच्याशी सहमत, फक्त टाइल फोडण्याबद्दल थोडं. टाइल ब्रेकर म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरणारे जड लोखंडी हातोडे, ड्रिलवर फिरवतात. काम वरून खाली करायचं. २३ फुटांत दोन-दोन फुटांच्या अकरा-बारा टाइल, शेकडो पाउंड मलबा खाली साचतो. क्लीनआउटच्या (तळाशी राख काढायच्या) दारातून तो निघत नाही, थिंबलखाली विटा काढून भोक करावं लागतं आणि नंतर बुजवावं लागतं. टाइलमागे मसाला ठासून भरलेला असेल तर फोडताना विटाही हलतात. बाहेरच्या चिमणीच्या विटांचे सांधे आधीच भुसभुशीत असतील तर फोडू नका. अशा वेळी ओतीव लायनर हाही पर्याय आहे: फुगवलेली नळी आत सोडून भोवती सिमेंटसारखं मिश्रण ओततात, त्याने चिमणीला आतून बळ येतं. पण ते काम घरी करण्यातलं नाही आणि महागही आहे.

आमच्याकडे कोडची नावं वेगळी. लायनरला यूएलसी एस६३५, बसवण्याला सीएसए बी३६५, नव्या फॅक्टरी चिमणीला यूएलसी एस६२९, म्हणजे ६५० डिग्री सेल्सियसवाली. विमा कंपन्या वेट (WETT, लाकडी चुलींच्या तंत्रज्ञांची कॅनडातली संस्था) सर्टिफाइड तपासनिसाचा रिपोर्ट मागतात. अमेरिकेतही विमा एजंटला आधी कळवा. परमिट काढून काम केलं की पुढे वाद होत नाहीत.

शंकासुर

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला की राव. ३०४ का ३१६? की ३१६टीआय? विकणारे सगळे 'टायटेनियम' म्हणून ओरडतात.

लोहारबुवा

टायटेनियमचं लायनर नसतं, ३१६टीआय म्हणजे ३१६ स्टीलमध्ये चिमूटभर टायटेनियम.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. या मॉलिब्डेनममुळे क्लोराइडने पडणारी बारीक भोकं कमी होतात. स्टील ४५० ते ८५० सेल्सियसच्या पट्ट्यात बराच वेळ राहिलं की कार्बन क्रोमियमला पकडतो आणि कणांच्या कडांना गंज धरतो. तो टाळायचे दोन मार्ग: कार्बनच कमी ठेवणे, म्हणजे 'एल' ग्रेड, कार्बन ०.०३ टक्क्यापर्यंत. किंवा टायटेनियम घालून कार्बनला आधीच बांधून टाकणे, म्हणजे 'टीआय'. लाकडाच्या चिमणीत ३१६एल आणि ३१६टीआय यांत निवड करताना झोप उडवून घेण्यासारखं काही नाही.

निव्वळ वाळलेलं लाकूड जाळणार असाल आणि लायनर लाकडासाठी लिस्टेड असेल तर ३०४एल चालतं. कोळसा मिसळणार असाल तर ३०४ विसरा, गंधकामुळे वेगळा मिश्रधातू लागतो. मेकरच्या वॉरंटीत कोळशाचा उल्लेख शोधा. अ‍ॅल्युमिनियमचं लायनर ठरावीक गॅस उपकरणांसाठी असतं, लाकडाला ते लावणं म्हणजे आत्मघात.

आता एक बारीक गोष्ट. फर्नेस बेसमेंटमध्ये, शेजारी वॉशिंग मशीन. ब्लीचची वाफ फर्नेस हवेबरोबर ओढून घेते, आगीत तिचं क्लोराइडचं आम्ल होतं आणि लायनरला आतून बारीक भोकं पडतात. रंगवलेलं लाकूड, प्लास्टिकचा कचरा, समुद्रावरून आणलेले ओंडके, सगळ्यांचा हाच दोष. ब्लीचचा डबा त्या खोलीत उघडा ठेवू नका. लॉन्ड्री तिथेच असेल तर ३१६ चे जादा पैसे सार्थकी लागले म्हणा.

आणि लोहचुंबक लावून ग्रेड ओळखायला जाऊ नका. ३०४ काय, ३१६ काय, चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. वाकवलेल्या जागी मात्र ३०४ थोडं चिकटतं, म्हणून काही जण ते बनावट समजून परत पाठवतात. लेबलवरचा यूएल नंबर बघा.

शंकासुर

मस्त. मग लवचीक घ्यायचं की रिजिड (न वाकणारं, ताठ)?

ठिणगी

चिमणी सरळ असेल तर रिजिड. २४ गेज म्हणजे साधारण ०.०२४ इंच जाड. साधं लवचीक एकपदरी लायनर ०.००५-०.००६ इंचाचं असतं, म्हणजे चौपट फरक. रिजिडच्या आत गुळगुळीत, ब्रश सरळ फिरतो, राख धरून बसायला खाचा नाहीत. जोड मात्र प्रत्येकी तीन-चार स्टेनलेस रिव्हेटनी पक्के करा. वर चढत्या क्रमाने एकेक तुकडा लावत आत सोडायचा असतो, म्हणून छतावर दोन माणसं आणि वारा नसलेला दिवस लागतो.

काजळी

त्यांच्या टाइलला ओव्हल लागणार आहे. ओव्हल रिजिड मिळतं, पण सांध्यांतल्या मसाल्याच्या गोळ्यांवर अडकतं. लवचीक थोडं दाबून पुढे सरकतं. माझं मत लवचीकच, पण 'हेवी फ्लेक्स', म्हणजे जाड पत्र्याचं, घ्या. दोनपदरी गुळगुळीत आतल्या भिंतीचं लवचीकही मिळतं. त्यात राख धरत नाही, ओढ चांगली, मात्र पट्टी एकमेकांत अडकवून बनवलेलं असेल तर ओढताना पीळ पडला की सांधा उकलतो. बाणाची दिशा बघा, उलटं सोडू नका. आणि त्यात पोलादी तारेचा ब्रश कधीच नाही, फक्त पॉली (प्लास्टिकच्या केसांचा).

लोहारबुवा

+१. जाडीच्या फरकाचा प्रश्न चिमणीला आग लागल्यावर येतो. यूएल १७७७ च्या चाचणीत २१०० फॅरनहाइटचे झटके देतात. चाचणी पास झालेलं लायनरही आग लागून गेल्यावर तपासावं लागतं, बरेचदा ते निळं-तपकिरी होऊन वेडंवाकडं झालेलं असतं. वॉरंटीत चिमणीची आग धरलेली आहे का, ते नीट वाचून घ्या.

प्रसरणाचं कुणी बोललं नाही. स्टेनलेस लांबीच्या दर मीटरला दर शंभर सेल्सियसमागे १.७ मिलिमीटर वाढतं. २३ फूट म्हणजे ७ मीटर. धूर चालू असताना लायनर २०० सेल्सियसने तापलं तर २४ मिलिमीटर, जवळपास एक इंच. म्हणून खालचा टी सिमेंटमध्ये पुरू नका. टीच्या टोपीखाली दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवा. लवचीक लायनर थोडं सैल सोडलं की वाढ स्वतःच्या वळ्यांत जिरवतं. रिजिडला वरच्या प्लेटपाशी सरकायला वाव ठेवायचा, स्टॉर्म कॉलर (वरची पाऊस अडवणारी चकती) फट झाकण्यापुरतीच.

रानवारा

लवचीक ओव्हल ३१६, अर्धा इंच ब्लँकेट, असं ठरत आलं. ब्लँकेट गुंडाळायचं कसं, पायरीपायरीने कुणी सांगेल का? व्हिडिओत सगळे पटापट गुंडाळून मोकळे होतात.

गारठा

सांगतो, हे काम घाईचं नाही.

लायनर अंगणात किंवा ड्राइव्हवेवर सरळ पसरा, खाली ताडपत्री. थंडीत ते कडक राहतं, उन्हात तापू द्या. ब्लँकेट सिरॅमिक फायबरचं, एका बाजूला फॉइल. फॉइल बाहेरच्या बाजूला येते. गोल ६ इंचीला २४ इंच रुंदीची पट्टी लागते, कारण आवरणाचा बाहेरचा परीघ पावणेतेवीसच्या आसपास होतो आणि इंचभर तरी चढ हवा. ६ इंचीच चेपून केलेल्या ओव्हललाही परीघ जवळपास तोच, म्हणून पट्टी तीच; मोठ्या व्यासाचं चेपलेलं असेल तर परीघ मोजून त्याप्रमाणे रुंद पट्टी घ्या. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि चांगला मास्क वापरा, त्याची भुकटी घशात जाते.

लायनरवर स्प्रे ग्लू मारा, एका वेळी चार-पाच फूट. पट्टी लांबीने ठेवून दोन्ही कडा गुंडाळा, चढ एकाच बाजूला राहू द्या. चढावर लांबीने फॉइल टेप, मग दर फुटाला आडवा वेढा. मग जाळीची सॉक्स वरून ओढा, थोडी ताणून, आणि दोन्ही टोकांना पट्टा आवळा. जाळीशिवाय सोडलं तर टाइलच्या कडेवर फॉइल फाटते आणि ब्लँकेट मध्येच गोळा होऊन बसतं. तेवढ्या उघड्या पट्ट्यात क्रिओसोट सगळ्यात आधी धरतो.

टी जोडायचा त्या खालच्या टोकाला चार-पाच इंच लायनर उघडं ठेवा, टीच्या पट्ट्याला पकड हवी. वरच्या टोकालाही प्लेटसाठी तेवढंच. टीच्या पोटाचा तुकडा नंतर वेगळ्या ब्लँकेटने गुंडाळायचा असतो, बहुतेक लोक तो विसरतात.

खाली पुलिंग कोन (लायनर ओढायचं शंकूसारखं टोक) लावून त्याला दोर बांधा, दोर आधी चिमणीतून सोडून ठेवा. एक माणूस वरून सोडणारा, एक खालून हळू ओढणारा. जोर मुख्यतः वरच्याचा, खालच्याने फक्त दिशा द्यायची. आत सोडण्याआधी लायनरच्या बाहेरच्या मापाचं प्लायवुडचं ओव्हल चिमणीतून दोराने वरखाली फिरवून घ्या. ते अडकलं तर तिथला मसाल्याचा गोळा आधी फोडा. आणि लायनर उतरवताना ओव्हलची रुंद बाजू टाइलच्या रुंद बाजूशी जुळलेली ठेवा, अर्ध्या वाटेत फिरलं तर परत वर काढावं लागतं.

टी थिंबलसमोर आला की स्नाउट (टीचा आडवा तुकडा) बाहेरून आत घालून टीचा पट्टा आवळा. स्नाउटभोवतीची फट सिरॅमिक वूलने भरा. वर टॉप प्लेट क्राउनवर हाय टेंपरेचर सिलिकॉनने चिकटवा, लायनर पट्ट्यात आवळा, जास्तीचं कापा, मग स्टॉर्म कॉलर आणि टोपी.

टोपीची जाळी अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको, ३/८ पेक्षा बारीक नको. बारीक जाळी पहिल्या महिन्यात डांबराने बुजते.

उत्तरायण

वर्मिक्युलाइट आणि सिमेंटचं मिश्रण ओतण्याचाही मार्ग आहे. पण ब्लँकेटशिवाय तुमचं ओव्हल साधारण ५ बाय ७ धरलं, तरी त्याच्या भोवती ६.७५ बाय ११.२५ मध्ये फट सारखी नाही. एका बाजूला इंचभरही नाही, दुसऱ्या बाजूला दोन इंच. असं मिश्रण अरुंद बाजूला, त्यात मसाल्याचे गोळे असताना, नीट उतरत नाही, पोकळी राहू शकते. ब्लँकेटच बरं.

रानवारा

धन्यवाद! ड्राफ्टबद्दल (चिमणीच्या ओढीबद्दल) एक शंका. मॅन्युअलमध्ये ०.०६ इंच वॉटर कॉलम लिहिलंय, आणि बॅरोमेट्रिक डँपर (ओढ वाढली की आपोआप उघडून खोलीची हवा आत घेणारी झडप) 'आवश्यक' असं. डीलर म्हणतो, लाकडाला तो डँपर लावायचाच नाही.

काजळी

डीलरचं ऐकू नका, मॅन्युअलचं ऐका. हिशेब करू. बाहेर उणे दहा सेल्सियस, चिमणीत सरासरी दीडशे, उंची ७ मीटर. बाहेरची हवा १.३४ किलो प्रति घनमीटर, आतली ०.८३. फरक गुणिले उंची गुणिले ९.८ म्हणजे साधारण ३५ पास्कल, म्हणजे ०.१४ इंच. घर्षण वजा केलं तरी ०.०६ च्या बरंच वर. जास्त ओढ असली की फर्नेस जोराने जळते, उष्णता छतावरून जाते, आतला पत्रा वाकतो.

ठिणगी

इथे मी असहमत. बॅरोमेट्रिक डँपर बेसमेंटची गार हवा चिमणीत मिसळतो, धूर थंड होतो आणि डांबर वाढतं. शिवाय चिमणीला आग लागली की तो सताड उघडतो आणि आगीला हवा देत राहतो. किल्लीचा, म्हणजे हाताने फिरवायचा, साधा डँपर बरा.

काजळी

किल्लीचा डँपर माणसाने फिरवावा लागतो. रात्री वारा सुटला की कोण उठणार? थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या फर्नेसला ओढ स्थिर हवी, आणि तिची चाचणी त्याच ओढीवर झालेली असते. मेकर 'आवश्यक' म्हणतो तिथे तो न लावता आग लागली तर विमा एजंटला तुम्ही काय सांगणार? आगीचा मुद्दा मात्र खरा आहे. चिमणी स्वच्छ ठेवा आणि आग लागलीच तर डँपर दाबून बंद करायला जाड हातमोजा जवळ टांगलेला असू द्या. उघडण्याची नाही, बंद करण्याची गोष्ट सांगतोय.

ठिणगी

मॅन्युअलमध्ये 'आवश्यक' असेल तर ठीक. पण ज्या मॅन्युअलमध्ये 'लावू नये' लिहिलंय तिथेही लोक लावतात, तेही तितकंच चुकीचं.

गारठा

सेटिंग करताना मॅनोमीटरची (ओढ मोजायच्या यंत्राची) नळी फर्नेस आणि डँपर यांच्या मध्ये घाला, डँपरच्या पलीकडे नव्हे. डँपरचं पान ओळंब्यात आणि आडवं बरोबर हवं, तिरकं बसलं की वजनाचा खेळ बिघडतो. चिमणी पूर्ण तापल्यावर, पंखा चालू असताना सेट करा. गार चिमणीवर सेट केलेलं काटेकोर ०.०६ रात्री ०.०९ दाखवतं.

जोडपाइप काळा, २४ गेज, गॅल्व्हनाइज्ड नको, झिंकचा धूर वाईट. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू. चुण्या पाडून निमुळतं केलेलं (क्रिम्प) टोक फर्नेसच्या दिशेला, म्हणजे क्रिओसोट पाइपाच्या आतूनच उतरतो, बाहेर गळत नाही. फुटाला पाव इंच चढ, आणि एकपदरी पाइप लाकडापासून १८ इंच लांब.

म्युनिकवाला

इकडे जर्मनीत काम सुरू करायच्या आधीच तुमच्या विभागाच्या अधिकृत चिमणीवाल्याशी बोलून घ्यावं, शेवटी तोच पास करतो. लायनरवर ईएन १८५६-२ (युरोपीय मानक) खाली एक लांबलचक खूण असते. टी६०० म्हणजे ६०० सेल्सियसपर्यंत, शेवटचं 'जी' म्हणजे काजळीच्या आगीला टिकणारं, 'ओ' असेल तर लाकडाला घेऊच नका. मध्येच एल५००५० असं काहीतरी दिसेल: एल५० म्हणजे ३१६एल, पुढचं ०५० म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी. अमेरिकेत लायनरची जाडी शोधायला ब्रोशर चाळावं लागतं, इथे ती खुणेतच आहे.

शंकासुर

लाकडावर अजून कुणी बोललंच नाही.

गारठा

खरं आहे. ओलसर लाकूड असेल तर वरचं सगळं मुसळ केरात. २० टक्क्यांखाली ओल हवी. मीटर ओंडक्याच्या बाहेरून टोचू नका, फोडून ताज्या फाकेच्या मधोमध टोचा, सुया धाग्यांच्या दिशेने. गोठलेल्या लाकडावर आकडा खोटा येतो, आधी घरात आणून ठेवा. ओकला फोडल्यानंतर दोन उन्हाळे द्या. विस्कॉन्सिनमध्ये एमराल्ड अ‍ॅश बोरर किडीने मेलेली अ‍ॅशची झाडं भरपूर आहेत, ती उभ्यानेच बरीच वाळतात, पण बुंध्याकडचा भाग मोजूनच घ्या.

फर्नेसला एक खास रोग आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला, बाहेर पाच-दहा सेल्सियस असताना, थर्मोस्टॅट भागलेला असतो आणि फर्नेस हवा बंद करून धुमसत बसते. सगळा चकचकीत क्रिओसोट त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरतो. तेव्हा चूल भरू नका, लहान आणि कडक आग करा. पहिल्या मोसमात महिन्याला एकदा बघा. काजळीचा थर १/८ इंच झाला की सफाई. चकाकी दिसली तर थर कितीही पातळ असो, आधी आग बंद.

लोहारबुवा

आणि सफाई मोसम संपल्यावर, एप्रिल-मे मध्ये. शरद ऋतूत नव्हे. उन्हाळ्याची दमट हवा आणि आत राहिलेली काजळी मिळून आम्ल होतं आणि चार-पाच महिने ते स्टीलवर बसून राहतं.

रानवारा

सर्वांचे आभार. यादी अशी झाली: ओव्हल लवचीक ३१६एल, २८ चौरस इंच पूर्ण मिळणारं, २५ फूट. अर्धा इंच ब्लँकेट आणि जाळीचं किट. ओव्हल-गोल टी, स्नाउट, टोपी. ओव्हल टॉप प्लेट, स्टॉर्म कॉलर, रेनकॅप. पुलिंग कोन. सिलिकॉन, फॉइल टेप. ६ इंची काळा पाइप, बॅरोमेट्रिक डँपर, मॅनोमीटर. काही राहिलं?

काजळी

टीच्या पोटासाठी ब्लँकेटचा जादा तुकडा. स्नाउटला जोडपाइप जोडायचा अ‍ॅडॅप्टर, कारण स्नाउटचा आतला आणि पाइपाचा बाहेरचा व्यास नेहमी जुळतोच असं नाही. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म बेसमेंटला एक, झोपायच्या मजल्यावर एक.

उत्तरायण

थिंबलपासून चिमणीची भिंत किती जाड आहे ते मोजलंत का? स्नाउट लांबीने ठरावीक येतात. भिंत, टाइल आणि आतली फट धरून बारा-तेरा इंच सहज होतात. कमी पडला तर जोड भिंतीच्या पोटात येतो आणि तिथे स्क्रू मारता येत नाही. ऑर्डरच्या आधी मोजा.

रानवारा

थिंबलमधून टेप घातला, टीच्या मध्यापर्यंत १४ इंच भरले. किटमधला स्नाउट ८ इंची आहे. लांब स्नाउट वेगळा मागवतोय.